ओहोटीचा आकडा

लालबागच्या एका दातांच्या दवाखान्यातून दाढ काढलेली माणसं कापसाचा बोळा दाबून अर्ध्या तासात घरी जातात.

लाल प्लास्टिकची खुर्ची चौघांना उचलता येते. गल्लीच्या वळणावर मात्र दोघांनाच.

शांताबाई कधी हरत नाही. हरली, तर खेळ अजून संपलेला नसतो.

बारशाचा मांडव गल्लीत घातला की गल्ली बंद.

जे घरातल्या सगळ्यांनाच होतं, त्याला त्या घरात आजार म्हणत नाहीत.

आज काय आकडा?

२१

दिशा त्या लालबागच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. फोन घ्यायची, नावं लिहायची, घाबरलेल्यांना पाणी द्यायची. दाढ काढून बाहेर येणारी माणसं बोळा थुंकून टाकायची आणि बोळ्यावर नुसता गुलाबी डाग असायचा. तिला ही माणसं जरा खास वाटायची. मग तिची स्वतःची अक्कलदाढ काढली. शुक्रवारी काढली आणि सोमवारी ती कामावर आली ती तोंडात टॉवेलाचं टोक घेऊन.

घरी यात कुणाला काही वाटलं नव्हतं. वरळी कोळीवाड्यात तिच्या आईच्या, कांताच्या घरात रक्त असंच यायचं, रेंगाळत, जायची घाई नसलेल्या पाहुण्यासारखं. कांताला कोयता लागला की हळद, हळदीवर फडकं, फडक्यावर दुसरं फडकं, आणि दादरच्या मासळी बाजारातला धंदा चालू. महिन्याची पाळी दहा-दहा दिवस. दिशाच्या नाकाचा शाळेत घोळणा फुटायचा तेव्हा कांता म्हणायची, उष्णता. लग्न झाल्यावर दिशाला नवऱ्याकडून, दिनेशकडून, पहिल्यांदा कळलं की त्याच्या बहिणींची पाळी चार दिवसांत आटपते. तिला ते खोटंच वाटलं.

दातांच्या डॉक्टरांनी तिला परळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर होत्या, दर्शना मॅडम. तपासणी झाली आणि एक आकडा आला. एकवीस. रक्त गोठायला मदत करणारं एक द्रव्य असतं, ते पन्नासाच्या वर हवं. दिशाचं होतं एकवीस. आजाराला एका परदेशी माणसाचं नाव होतं, ते दिनेशनं दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

हे आईकडून किंवा बापाकडून येतं, मॅडम म्हणाल्या. घरात आणखी कुणाला आहे का?

कांता दारापाशी उभी होती. ती म्हणाली, नाही बाई, आम्ही सगळ्या धडधाकट.

मग दिशानं मॅडमना दुसरी बातमी दिली. तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते.

आता इथं कुणी घाबरलं असतं. दिनेश घाबरलाच होता. त्याचा हात दिशाच्या पाठीवर होता आणि पाठ हातामुळे ओली झाली होती. पण मॅडमनी खुर्ची पुढं ओढली आणि सांगायला लागल्या, आणि जसं सांगत गेल्या तसतसा तो हात वाळत गेला. पोटात बाळ वाढतं तसा हा आकडा बहुतेक बायकांचा आपोआप चढतो. शेवटच्या महिन्यात पन्नासाच्या वर गेला तर बाळंतपण चारचौघींसारखं करता येतं. काळजी घ्यायची. बाळ चिमट्यानं किंवा पंपानं ओढायचं नाही, कारण बाळालाही असू शकतं, त्याची शक्यता निम्मी. आणि आकडा नाहीच चढला तर औषध आहे, शिरेतून देऊ.

दिनेशनं घरी येऊन सांगितलं ते एवढंच: आकडा चढणार.

पैज

ही गल्लीची चूक की गल्लीची खुबी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दिनेशनं सगळ्यांना सांगितलं. नळावर, होडीवर, जाळी विणणाऱ्यांना. आजार म्हणून सांगितला असता तर गल्लीनं चुकचुक केली असती आणि अंगारे आणले असते. त्यानं आकडा म्हणून सांगितला, आणि ज्या गल्लीत आज्यांपासून सगळ्यांना आकडे लावायची सवय, तिनं दुसरं काय करायचं?

नियम सोपे. बाळंतपणाच्या दिवशी जो आकडा येईल त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल तो जिंकला. बाकीच्यांनी त्याच्या दारात एकेक मासा आणून द्यायचा. डोकं शाबूत, बर्फातला नाही.

दिनेशचा बाप विठोबा म्हणाला ऐंशी, माझी सून हाय. दिनेश म्हणाला शंभर, कारण तो सगळ्यालाच शंभर म्हणायचा. सखुबाई, कांताची मावशी, जी कोळीवाड्यातल्या बाळंतिणींना तेल लावायची, ती म्हणाली एक्कावन्न. पास होण्यापुरतं.

शांता म्हणाली पंचवीस.

शांता म्हणजे दादरच्या बाजारात कांताच्या शेजारचा ओटा. वीस वर्षं दोघी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवत होत्या आणि दुपारी एकाच डब्यात जेवत होत्या. सगळे चढता आकडा लावत असताना हिनं पंचवीसच का, असं विचारल्यावर ती म्हणाली, कांताच्या घरातलं आजवर आवाज सोडून काय वर गेलंय?

कांता तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. डबा मात्र आणला.

३४

सातवा महिना. चौतीस.

विठोबानं खारवायला आणलेले मासे सोडून गल्लीत हाक दिली. चौतीस! सखुबाई म्हणाली, पोर चढतेय. लोक दिशाला जिन्यावर थांबवून विचारू लागले, कसं वाटतंय, वर गेल्यासारखं वाटतंय का? दिशाला खरंच तसं वाटायचं. दात घासताना रक्त येईना. एकदा काउंटरवर पिन टोचली आणि ती बोटाच्या टोकाची जागा बघत बसून राहिली. एक थेंब आला. आणि थांबला. तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून दाखवला. डॉक्टर म्हणाले, यात काय? ती म्हणाली, हेच.

६२

नववा महिना लागला. बासष्ट. शांता सोडून गल्लीत सगळे खूष.

या खेपेला दिशाबरोबर शांता गेली होती. कांताला ताप होता, दिनेश समुद्रात, आणि शांताची बहीण परळलाच राहायची. शिवाय शांताला आपला पंचवीस बुडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. ती मॅडमच्या टेबलासमोर मांडी घालूनच बसायची बाकी होती. मॅडम दिशाला म्हणाल्या ते तिनं शब्दन् शब्द ऐकलं, कारण ती आपल्या कामाचं काहीतरी शोधत होती.

"बाळंतपणानंतर हा आकडा परत उतरतो," मॅडम म्हणाल्या. "दोन-तीन आठवड्यांत मूळ जागेवर येतो. मला खरी काळजी आहे ती तेव्हाची. तेव्हा गोळ्या देईन, त्या बंद करायच्या नाहीत. दहाव्या दिवशी मला दाखवायला यायचं, काही होत नसलं तरी. आणि रक्त वाढलं तर दहाव्या दिवसाचीसुद्धा वाट बघायची नाही."

शांता टॅक्सीत बोटांवर आठवडे मोजत होती. वरळी नाका आला तेव्हा स्वतःशीच हसली.

७८

कळा सकाळी सुरू झाल्या, नशिबानं प्रयोगशाळा उघडी असतानाच. विठोबाच्या ओळखीची टॅक्सी, दिशा मागे आडवी, कांता तिच्या पायाशी, दिनेश पुढच्या सीटवर उलटा बसलेला, तोंड मागे करून. इस्पितळात पोचल्या पोचल्या रक्त घेतलं. एरवी या तपासणीला दोन दिवस लागतात. आज मॅडमनी प्रयोगशाळेत स्वतः फोन केला, कारण पन्नासाच्या वर असेल तर दिशाला कळा सोसायला पाठीत सुई देता येणार होती, आणि खाली असेल तर ती सुई धोक्याची. दिशाला ती सुई हवी होती. तिनं ती चार महिने आधी मागून ठेवली होती.

म्हणून प्रसूतिकक्षात एक बाई कळ आली की ओरडायची, आणि कळ गेली की विचारायची: आकडा आला का?

सिस्टर म्हणाली, कसला आकडा?

बाहेर बाकावर दिनेशला कोळीवाड्यातून फोनवर फोन. आला का? नाही. आला का? नाही रे. बाकावर इतर बाळंतिणींची माणसं बसलेली, त्यांनी ऐकून ऐकून विचारलं, भाऊ, कसला आकडा? दिनेशनं सांगितलं. नायगावचा एक बाप्या म्हणाला, साठ. त्याची सासू म्हणाली, त्यांचं सत्तर धरा. वॉर्डबॉय जाताजाता पंचाहत्तर बोलून गेला. दिनेशनं सगळ्यांना बजावलं, मासा ताजा लागेल. नायगावची सासू म्हणाली, आम्ही माळकरी, आमचं नारळावर धरा.

आतून: आला का?

बाहेरून: अजून नाही!

आतून काही नाही.

आतून बराच वेळ काही नाही.

मग दोन्ही एकदम. म्हणजे खरोखर एकदम, जिन्यावरून मॅडम कागद हातात घेऊन धावत येतायत, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, द्या सुई, आणि दरवाज्यातून सिस्टर डोकं बाहेर काढून म्हणतेय, सुई कसली, डोकं दिसतंय. मॅडम आत धावल्या. आत कुणी चिमटा लावला नाही, पंप लावला नाही. वार पडायच्या वेळी रक्त धरायचं इंजेक्शन शिरेतून तयार होतं, ते दिलं. रक्त गेलं ते जितकं जायचं तितकंच. मुलगी झाली. दिशानं तिच्याकडं बघितलं, मग मॅडमकडं, आणि तिचा पहिला प्रश्न होता, किती आला?

अठ्ठ्याहत्तर.

दिशा हसायला लागली आणि सिस्टरनं तिला हलू नको म्हणून दटावलं.

कोळीवाड्यात विठोबा जिंकला. त्याच्या दारात त्या संध्याकाळी हलवा आला, सुरमई आली, दोन पापलेटं आली, एका घरातून चिंबोरी आली आणि ती मासा धरायची की नाही यावर भांडण झालं. एकीनं काहीच आणलं नाही. विठोबानं माणूस पाठवून विचारलं तेव्हा शांता म्हणाली, मोजणी अर्धी हाय. भरती मोजलीत. ओहोटी कुणी मोजली?

गल्ली हसली. ज्या गल्लीच्या टोकाला पाणी रोज चढतं नि रोज उतरतं, ती गल्ली मिनिटभर हसत होती.

माहेर

आकडा नाही. कुणी काढला नाही.

दिशा चौथ्या दिवशी इस्पितळातून निघाली ती सासरच्या दारावरून तीन गल्ल्या पुढं, माहेरी. पहिलं बाळंतपण आईचं. कांतानं बाजार बंद ठेवला होता. खोलीत शेगडी, शेगडीवर ओवा, शेपा, धुरी. सखुबाई सकाळी येऊन आधी बाळाला चोळायची, मग दिशाला. सगळ्यांचं तोंड गोड, सगळ्यांच्या अंगाला तेलाचा वास. बाळाचे कान बारशाला टोचायचे नाहीत असं मॅडमनी सांगितलं होतं, बाळाची तपासणी होईपर्यंत; सखुबाईला ते आवडलं नाही, पण ऐकलं. कानाचं ऐकलं म्हणून तिला वाटलं आता बाकीचं आपल्या मनानं करायला हरकत नाही.

बाकीचं म्हणजे गोळ्या.

रक्त धरून ठेवायच्या गोळ्या. सखुबाईनं ते ऐकलं आणि हातातलं तेलाचं वाडगं खाली ठेवलं. धरून ठेवायच्या? नऊ महिन्यांची घाण पोटात धरून ठेवायची? बाळंतिणीचं जेवढं जाईल तेवढं चांगलं. अंग मोकळं होतं. तिनं आजवर कोळीवाड्यातल्या निम्म्या बायकांना मोकळं केलं होतं. कांतानं गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. दिशानं ते ठेवताना पाहिलं आणि बाळाला पदराखाली घेतलं. तिला वाटलं, अठ्ठ्याहत्तर आलाय. अठ्ठ्याहत्तर म्हणजे मी आता त्या बोळ्यावाल्या माणसांतली.

आठव्या दिवशी रक्त वाढलं. सखुबाई खूष झाली.

नवव्या दिवशी आणखी वाढलं. कांतानं अळीवाची खीर केली.

दहावा दिवस. दिनेश टॅक्सी ठरवून आला. मॅडमकडं जायचं होतं. कांतानं त्याला दारातूनच परत पाठवलं.

कांताला गोळ्यांपेक्षा मोठी भीती होती आणि ती तिनं कुणाकडून उसनी घेतलेली नव्हती. ती सात वर्षांची असताना तिची आई धाकट्या भावाच्या वेळी बाराव्या दिवशी गेली. घरात तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की ओल्या बाळंतिणीनं उंबरा ओलांडला, बंदरावर जाऊन समुद्र बघितला, समुद्रानं हाक मारली. कांतानं तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या घरात पुन्हा कुणी असं जाणार नाही. ती उंबऱ्यावर पाट टाकून बसली होती. खरोखर बसली होती, दहाव्या दिवसापासून, भाजी निवडायची तीही तिथंच.

शांता रोज येत होती. बाजार उठला की रिकामी पाटी डोक्यावर घेऊन सरळ कांताच्या दारात. उंबऱ्याच्या त्या बाजूनं ती, या बाजूनं कांता.

काढला का आकडा?

नाय.

मग काढा. माझा पंचवीस बुडालेला नाय अजून.

तुझ्या तोंडाला आग लागो, शांते, पोरगी बाळंतीण हाय.

म्हणून तर म्हणतंय. बाळंतिणीचाच उतरतो. मॅडम बोलली, माझ्यासमोर बोलली.

रोज एवढंच. गल्लीतली पोरं हे भांडण बघायला जमायची. विठोबानं निरोप धाडला की मी माझे सगळे मासे परत देतो पण हिला आवरा. शांतानं उलट निरोप धाडला, मना परतीचा मासा नको, जिंकलेला पायजे.

बारावा दिवस

बारसं. सकाळपासून गल्लीत मांडव. दोन्ही बाजूंच्या घरांना बांबू बांधलेले, वर निळं-पांढरं कापड, खाली लाल खुर्च्या, बेंजोवाले वाद्यं जुळवतायत. शांता नवं लुगडं नेसून आली होती. आज पाटी नव्हती, हातात बाळाला झबलं होतं. कांतानं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. बारशाला आलेल्या बाईला बाहेर कसं ठेवणार?

शांता पाळण्यापाशी गेली नाही. ती दिशापाशी गेली. बोलायला वाकली, आणि वाकली ती तशीच राहिली. मग तिनं अंगठ्यानं दिशाची खालची पापणी खाली ओढली. बाजारात ती दिवसातून शंभर वेळा माशाचा कल्ला उचलून गिऱ्हाइकाला लाल दाखवायची. हात आपोआप गेला. आत लाल नव्हतं.

पांघरूण तिनं बाजूला केलं. खालची गोधडी भिजलेली होती. दिशा म्हणाली, मघाशीच बदलली मावशी, आणि तिचा आवाज कुठूनतरी लांबून आला.

शांतानं मागे वळून बघितलं. आता ती भांडत नव्हती.

"कांते, हिला उचल."

"आज बारावा हाय," कांता म्हणाली. ती पुन्हा उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली होती, दोन्ही हात चौकटीला. "माझी आय बाराव्याला उंबरा ओलांडून गेली."

"तुझी आय उंबऱ्यानं गेली का रगतानं?"

बाहेर बेंजोवाल्यानं एक सूर लावून बघितला. कुणीतरी त्याला थांब म्हणालं.

"सांग ना. तू होतीस घरात."

कांताचे हात चौकटीवर होते. ती शांताकडं बघत नव्हती, सखुबाईकडंही नाही. ती त्या गोधडीकडं बघत होती.

"गोधड्या मी धुतल्या," ती म्हणाली. "तिच्या. नळावर. सगळ्या मीच धुतल्या."

हात खाली आले.

आणि मग सगळं एकदम, सगळं धावतं. शांता मांडवात: दिनेश! खुर्ची! दिनेश जेवणाच्या टोपापाशी, हातात झारा, झारा घेऊनच धावला. लाल खुर्ची आली. दिशाला खुर्चीत बसवलं, सखुबाईनं, हो, सखुबाईनंच तिच्या पोटाशी घडी घातलेलं लुगडं दाबून बांधलं आणि तांदळाच्या डब्यामागून पाकीट काढून दिनेशच्या खिशात कोंबलं, एक शब्द न बोलता. चार माणसांनी चार पाय धरले. मांडवात बसलेल्या बायका भिंतींना चिकटल्या. बांबू आडवा आला, विठोबानं दोरीच कापली, निळं-पांढरं कापड अर्ध्या मांडवावर खाली आलं आणि त्याच्या खालून बेंजोवाले ढोलकी डोक्यावर धरून बाहेर आले. चला. चला. बाजू. वळणावर दोघे सुटले, दोघांनी खुर्ची छातीशी घेतली, दिशाचे पाय भिंतीला घासू नयेत म्हणून नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग कुणीतरी पायानं ढकलला.

पुढं गल्ली बंदराच्या बाजूला उघडते. तिथं डावीकडं समुद्र.

कांतानं घरातून निघताना पलंगावरची चादर ओढून आणली होती. ती खुर्चीच्या डाव्या बाजूनं चालत होती, नाही, पळत होती, चादर दोन्ही हातांनी उंच धरून, दिशाच्या डोळ्यांपुढं, पन्नाशीची बाई, खांद्यापर्यंत हात वर. वाऱ्यानं चादर फुगत होती. तिच्या हातांना रग लागली तशी शांतानं दुसरं टोक धरलं. टॅक्सीपर्यंत दिशाला समुद्र दिसला नाही. उंबरा ओलांडला होता, निदान समुद्र बघायचा राहू दे.

टॅक्सीत दिशानं डोळे उघडले आणि विचारलं, बाळ?

"आजोबाकडं," शांता म्हणाली. "झोपू नको. बोल. किती असंल?"

"काय?"

"आकडा गो. सांग."

"तीस," दिशा म्हणाली.

"सोड, एवढा कुठला. कमी सांग."

"अठ्ठावीस."

"आणखी."

अशी ती परळपर्यंत उतरत गेली आणि शांतानं तिला झोपू दिलं नाही.

२४

मॅडमनी आकड्याची वाट पाहिली नाही. सोनोग्राफीत पोटात काही राहिलेलं नाही हे बघितलं, रक्ताच्या पिशव्या लावल्या, आणि ते कमी पडणारं द्रव्य शिरेतून दिलं, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस. गोळ्या पुन्हा सुरू. रात्र व्हायच्या आत गोधडी, म्हणजे इस्पितळाची पांढरी चादर, पांढरीच राहायला लागली. गर्भपिशवी काढावी लागेल का असं दिनेशनं विचारलं होतं, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो विषय काढलाच नाही.

आकडा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. चोवीस. औषध द्यायच्या आधीच्या रक्ताचा.

दिनेशनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा बाकावर बाळाला मांडीवर घेतलेला विठोबा, सखुबाई, कांता आणि शांता ओळीनं बसले होते. शांतानं दोन्ही हात वर केले. मग इस्पितळ आहे हे लक्षात येऊन खाली घेतले, आणि हातात तोंड लपवून रडायला लागली, आणि रडता रडता विठोबाला म्हणाली, रावस. डोकं शाबूत. उद्या.

विठोबा म्हणाला, उद्या काय, रोज आणतो.

रोज नको. एक. पैजेचा एक.

सखुबाई मॅडमपुढं जाऊन उभी राहिली. बाळंतिणीचं किती जाणं बरोबर आणि किती नाही, हे तिनं विचारलं. मॅडमनी सांगितलं: तासाला एक पॅड भिजला, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, तर मोकळं होणं नाही, इस्पितळ. सखुबाईनं ते पुन्हा म्हणून दाखवलं. तिला अजून पुष्कळ बाळंतिणींच्या घरी जायचं होतं.

बाळाची तपासणी सहा महिन्यांनी. इतक्या लवकर खरं कळत नाही, असं मॅडम म्हणाल्या. बाकावरच्या चौघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मॅडमना काय चाललंय ते कळलं, आणि त्या म्हणाल्या, अजिबात नाही. विठोबा म्हणाला, नाही नाही, आम्ही आपलं सहज. दिनेशनं पुढं होऊन मॅडमना आत दिशाकडं नेलं.

बाक रिकामा होत आला. कांता उठली नव्हती.

मॅडम परत बाहेर आल्या तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा विचारलं होतं, घरात आणखी कुणाला हाय का."

"हो."

कांतानं पदर खांद्यावरून मागे टाकला आणि चोळीची बाही वर सारली. हात पुढं केला. त्या हातावर कोयत्याच्या इतक्या जुन्या खुणा होत्या की सुई कुठं घालावी हे बघायला सिस्टरनं दिव्याखाली नेलं. शांता दारात थांबली होती, पाटीवाल्या बायका थांबतात तशी, कमरेवर हात.

"किती लावू?" तिनं विचारलं.

"पंधरा," कांता म्हणाली. "आणि हात धर माझा. मना सुईची भीती वाटते."

शांतानं हात धरला. सुई गेली. नळीत रक्त चढायला लागलं, भरभर, गडद, आणि दोघी ते बघत राहिल्या.

दिशा जन्मली तेव्हा कांता आठव्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडली होती, आणि घरात सगळे म्हणाले होते, मोरी निसरडी आहे.